रिव्हर रेडची नदी कॅसेटमध्ये कुठे असते?

प्रश्न संगणक अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "सेमिनारसाठी कॅरल शॉ हा विषय घेतला आहे. जिथे बघावं तिथे 'पहिली महिला गेम प्रोग्रॅमर' एवढंच लिहिलेलं. त्यांचं काम तांत्रिकदृष्ट्या खरंच एवढं मोठं होतं का? आणि होतं, तर सहाच वर्षांत त्या या धंद्यातून बाहेर का पडल्या?"

शॉ म्हणजे अटारी कंपनीच्या २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रासाठी 'रिव्हर रेड' हा नदीवरून विमान उडवायचा गेम लिहिणाऱ्या अमेरिकन प्रोग्रॅमर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते शेवटाकडे देते. पहिल्यासाठी मात्र जरा मांडी ठोकून बसावं लागेल.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पुण्यात सव्वीस वर्षं फर्मवेअर, म्हणजे यंत्रांच्या आतल्या चिपवर चालणारे प्रोग्रॅम, लिहिते आहे. सुरुवात ८०५१ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर झाली. तेव्हा १२८ बाइट रॅममध्ये अख्खं मीटर चालवायचं असे आणि दोन बाइट कमी पडले की दिवस वाया जाई. अटारी २६०० साठी असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, बारीकसारीक गेम लिहिणं हा माझा रविवारचा नाद आहे. त्यामुळे शॉ यांच्या कामाकडे मी खेळणारीच्या नजरेनं कमी बघते, कारागिराच्या नजरेनं जास्त. एखादा सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की खुर्चीवर बसायच्या आधी तिचे सांधे बघतो, तसं.

आता त्या 'पहिली' शब्दाचं काय करायचं ते बघू. शब्द अगदीच चुकीचा नाही, पण सैल आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतच जॉइस वाइसबेकर हिनं आरसीए कंपनीच्या यंत्रांसाठी गेम लिहिले होते. त्या यंत्रामागचे अभियंते तिचे वडीलच, आणि ती कंपनीत नोकरीला नव्हती, कंत्राटावर काम करत होती. म्हणून तिचं नाव कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. शॉ यांच्या मागोमाग अटारीत कार्ला मेनिन्स्की होती, आर्केड विभागात, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या विभागात, डोना बेली होती. 'सेंटिपीड' हा १९८१ चा गेम डोना बेली आणि एड लॉग यांचा. घरगुती गेमच्या कंपनीत पगारी नोकरीवर असलेल्या सुरुवातीच्या स्त्री प्रोग्रॅमरांपैकी शॉ एक, इतकं म्हटलं तर कुणी हरकत घेणार नाही. पण माझी तक्रार वेगळीच आहे. 'पहिली' म्हटलं की लोक तिथेच थांबतात. हार घातला, फोटो काढला, झालं. कोड कुणी उघडत नाही. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कारखान्यात "मॅडम, तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा" असं सांगण्यात आलं होतं, आणि सर्किट बोर्ड शेजारच्या टेबलावर गेला होता. म्हणून या बाबतीत माझा सूर जरा चढतो, तेवढं चालवून घ्या.

चरित्र पटकन उरकते. जन्म १९५५. वाढल्या कॅलिफोर्नियात, पालो अल्टोला. वडील मेकॅनिकल इंजिनिअर, स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्रात कामाला. लहानपणी बाहुल्यांपेक्षा आगगाडीच्या मॉडेलमध्ये जास्त रमणारी मुलगी. शाळेत असतानाच संगणकावरचे अक्षरी गेम हाती लागले. पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७७ मध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राची पदवी, मग तिथूनच संगणकशास्त्रात मास्टर्स, आणि १९७८ मध्ये थेट अटारी.

पहिलं काम गमतीदार निघालं. अटारीची मालकी तेव्हा वॉर्नर या कंपनीकडे होती आणि राल्फ लॉरेन नावाची अत्तरंही वॉर्नरकडेच. तेव्हा 'पोलो' या अत्तराच्या जाहिरातीसाठी पोलोचाच गेम करायचं ठरलं. शॉ यांनी तो लिहिला. दुकानात तो कधीच आला नाही. नवख्या प्रोग्रॅमरच्या वाट्याला असलं काम येतंच, आपल्याकडेही येतं. त्यानंतर त्रिमितीय टिक-टॅक-टो, म्हणजे चार बाय चार बाय चारचा फुली-गोळा. मग चेकर्स. निक टर्नरबरोबर 'सुपर ब्रेकआउट', एड लॉगबरोबर 'ऑथेल्लो'. अटारीच्या घरगुती संगणकासाठी कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅम, आणि बेसिक भाषेच्या संदर्भपुस्तिकेतही हात. यादी वाचताना साधी वाटते. पण फुली-गोळा आणि चेकर्स यांत यंत्राला विचार करावा लागतो, आणि अटारी २६०० वर विचार करणं ही केवढी पंचाईत होती, ते कळलं की यादी साधी राहत नाही.

तर आता यंत्र. सेमिनारमध्ये निम्मा वेळ यावर द्या असं मी म्हणेन.

अटारी २६०० बाजारात आलं १९७७ मध्ये. आत ६५०७ हा प्रोसेसर, वेग १.१९ मेगाहर्ट्झ. रॅम १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. म्हणजे १२८ बाइटांत मराठीची ४२ चिन्हं बसतील. तुमच्या प्रश्नाचं पहिलं वाक्य त्यात जेमतेम मावलं असतं, दुसऱ्याला जागा उरली नसती. एवढ्या जागेत विमान कुठे आहे, शत्रू कुठे आहेत, गुण किती, इंधन किती, हे सगळं ठेवायचं, आणि प्रोसेसरचा स्टॅक, म्हणजे कामातून परतायचे पत्ते ठेवायची जागा, तीही त्यातच. कॅसेटमधली रॉम, म्हणजे गेम कायमचा साठवलेली चिप, ४ किलोबाइट. जास्त रॉमचे भाग आळीपाळीनं समोर आणायच्या युक्त्या पुढे आल्या, पण सरळ मार्गानं एवढंच. (इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे ती कॅसेटच.)

आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की या यंत्राला चित्राची स्मृती नाही. आजच्या, किंवा तेव्हाच्याही बऱ्याच संगणकांत पडद्याचं चित्र रॅममध्ये कुठेतरी साठवलेलं असतं आणि वेगळं सर्किट ते टीव्हीला पुरवत राहतं. इथे तशी सोयच नाही. टीआयए नावाची एक चिप आहे, तिला एका वेळी टीव्हीवरच्या एकाच आडव्या ओळीपुरतं कळतं. त्या ओळीत काय दिसावं हे प्रोसेसरनं तिला ऐन वेळी सांगायचं. ओळ संपली की पुढच्या ओळीसाठी पुन्हा सांगायचं. टीव्हीचा किरण काही आपल्यासाठी थांबत नाही.

एका ओळीला प्रोसेसरची ७६ आवर्तनं, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ७६ ठोके, मिळतात. एका सूचनेला साधारण दोनपासून सातपर्यंत आवर्तनं लागतात. म्हणजे ओळीमागे वीस-पंचवीस सूचना. अमेरिकेतल्या टीव्हीवर एका चित्रात २६२ ओळी, त्यांतल्या सुमारे १९२ दिसणाऱ्या. त्या काढत असताना प्रोसेसरला डोकं वर काढायला फुरसत नाही. गेमचा सगळा हिशेब, म्हणजे जॉयस्टिक वाचणं, शत्रू हलवणं, गुण मोजणं, हे वरच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या ओळींच्या वेळात. वर ३७ आणि खाली ३०, मिळून ६७ ओळी. गुणिले ७६, म्हणजे ५,०९२ आवर्तनं. एवढ्यात आटपा, नाहीतर चित्र थरथरतं आणि मग लोळतं. सेकंदाला साठ वेळा ही कसरत.

शॉ यांच्या चेकर्समध्ये यंत्र चाल शोधत असताना पडद्यावर नुसते रंग का उधळतात, हे आता कळेल. यंत्र विचार तरी करू शकतं किंवा चित्र तरी काढू शकतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टीआयएकडे हलत्या आकृती मोजून पाच: दोन 'प्लेअर', दोन 'मिसाइल' आणि एक 'बॉल'. शिवाय मागे 'प्लेफील्ड' म्हणून ठोकळ्यांची पार्श्वभूमी. यांतली एखादी आकृती ओळीत आडवी कुठे ठेवायची, तर तिथे आकडा लिहायची सोय नाही. किरण पडद्यावरून सरकत असताना तो हव्या त्या जागी पोचला की नेमक्या त्या क्षणी एका पत्त्यावर लिहायचं. काय लिहिलं याला महत्त्व नाही, कधी लिहिलं याला आहे. चालत्या बसमध्ये कंडक्टरनं थांबा बघून दोरी ओढावी तसा प्रकार. प्रोसेसरचं एक आवर्तन होईपर्यंत किरण तीन ठिपके पुढे गेलेला असतो, तेव्हा उरलेला बारीक फरक दुसऱ्या रजिस्टरनं, म्हणजे चिपमधल्या दुसऱ्या एका खणात आकडा लिहून, भरून काढायचा. पहिल्यांदा मी हे लिहायला बसले तेव्हा एक चौकोन पडद्याच्या मधोमध आणायला मला दोन रविवार लागले. तेव्हा हाताशी जुनं यंत्र संगणकावर हुबेहूब चालवणारा एम्युलेटर होता, चुका शोधायला डीबगर होता, आणि दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली ढीगभर माहिती होती.

हे सगळं डोक्यात ठेवून आता 'रिव्हर रेड' बघा.

१९८० मध्ये शॉ यांनी अटारी सोडली. क्युपर्टिनोच्या टँडम कॉम्प्युटर्समध्ये सव्वा वर्षाच्या आसपास असेंब्ली लिहिली आणि मग त्या ॲक्टिव्हिजनमध्ये आल्या. ॲक्टिव्हिजन म्हणजे अटारीतून बाहेर पडलेल्या चौघा प्रोग्रॅमरांची कंपनी, १९७९ मध्ये काढलेली: डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड, लॅरी कॅप्लन, आणि धंदा सांभाळायला संगीत व्यवसायातून आलेले जिम लेव्ही. शॉ यांच्या डोक्यात आधी अंतराळातला गेम होता. मिलर म्हणाले, अंतराळयानांचे गेम आधीच उदंड झालेत, दुसरं काहीतरी बघ. मग आलेखाच्या कागदावर रेघोट्या मारता मारता नदी आली, नदीवर विमान आलं. १९८२ च्या अखेरीस गेम बाजारात आला आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त कॅसेट खपल्या.

खेळ ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: विमान खालच्या बाजूला, नदी वरून खाली वाहत येते. काठाला लागलात की संपलात. वाटेत बोटी, हेलिकॉप्टरं, जेट विमानं, पूल. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या ज्या नकली अटारी मिळत, त्यांत हा गेम बहुतेक वेळा असायचाच. आमच्या मामांकडे होता. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, "तो नदीवाला लाव" म्हणायचो. जाता जाता सांगते, आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं आणि २६२ ऐवजी ३१२ ओळी. प्रत्येक चित्रामागे जग ठरावीक अंतर सरकणार असेल, तर आपल्याकडे ते सहाव्या हिश्शानं हळू सरकणार. कोड तपासून मुद्दाम आकडे बदलले नसतील, तर आपण सगळे जरा सोप्या नदीवर मोठे झालो.

आता शीर्षकातला प्रश्न. ही नदी कॅसेटमध्ये कुठे असते?

हिशेब करू. पार्श्वभूमीचे अर्ध्या ओळीचे २० ठोकळे, म्हणजे २० बिट, म्हणजे ओळीला ३ बाइट. १९२ ओळींचा एक पडदा म्हणजे ५७६ बाइट. ४ किलोबाइट म्हणजे ४,०९६ बाइट. भागाकार करा, सात पडदे. तेही कॅसेटमध्ये दुसरं काहीही न ठेवता. कोड नाही, विमानाचा आकार नाही, आवाज नाही. सात पडदे उडून जायला किती वेळ लागतो? मिनिटही नाही. प्रत्येक ओळ वेगळी न ठेवता ठोकळे मोठे घेतले तर जास्त मावेल, पण संपणार ते संपणारच. आणि रिव्हर रेडची नदी तर संपतच नाही.

कारण नदी साठवलेलीच नाही. ती दर वेळी तयार होते.

त्यासाठी वापरलाय तो प्रकार म्हणजे लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर. तुमच्या अभ्यासक्रमात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सला आला असेल, पाच मार्कांना. १६ बिटांचा एक आकडा घ्यायचा. सगळे बिट एक घर सरकवायचे. रिकाम्या झालेल्या घरात काही ठरावीक बिटांची एक्सक्लुझिव्ह-ऑर टाकायची (त्यांत १ विषम संख्येनं असतील तर १, नाहीतर ०). झाला नवा आकडा. बघणाऱ्याला तो कुठूनही आल्यासारखा वाटतो, पण त्यात नशिबाचा भाग शून्य. बिटांची निवड नीट केली तर ६५,५३५ पायऱ्यांनंतरच क्रम फिरून पहिल्यापासून सुरू होतो. लागतात मोजके बाइट कोड आणि दोन बाइट रॅम. त्या आकड्यांवरून ठरतं की पुढच्या तुकड्यात काठ किती आत येणार, मध्ये बेट येणार का, बोट येणार की हेलिकॉप्टर, की इंधनाची टाकी.

यातली खरी मेख सुरुवातीच्या आकड्यात आहे. शॉ यांनी तो कायम एकच ठेवला. त्यामुळे गेम कितीही वेळा सुरू करा, नदी तीच. एखाद्या पुलानंतर नदी अरुंद होते म्हणजे होते, उद्याही होणार, शेजारच्या घरातही होणार. याचा परिणाम बघा: खेळणाऱ्याला नदी पाठ होते. पाठ होते म्हणून तो सुधारतो, आणि सुधारतो म्हणून पुन्हा खेळतो. हातानं नकाशा काढून जे साधलं असतं ते सगळं मिळालं, फक्त नकाशा ठेवायला जागा लागली नाही. सुरुवातीचा आकडा दर वेळी बदलणं सहज शक्य होतं. ते केलं नाही, हा निर्णय. माझ्या मते संपूर्ण गेममधला सर्वांत मोठा निर्णय हाच.

आता म्हणाल, हे सगळं आजच्या भाषेत 'प्रोसीजरल जनरेशन' झालं, त्यात काय नवीन. बरोबर. याआधीही असं झालं होतं. ॲक्टिव्हिजनमध्येच डेव्हिड क्रेन यांनी त्याच वर्षीच्या 'पिटफॉल'मध्ये जंगलाचे २५५ पडदे ८ बिटांच्या अशाच रजिस्टरमधून काढले. एका कंपनीत, एकाच वर्षी, दोन वेगवेगळ्या गेममध्ये. शॉ एकट्या कुठून तरी अवतरल्या असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच. ती मूठभर माणसं एकमेकांचे गेम बघत होती, खोडून काढत होती, सुचवत होती, आणि त्यांत त्या बरोबरीच्या होत्या.

दुसरं कौशल्य वरून खाली वाहण्यात आहे. टीआयएची पार्श्वभूमी आडवी फार ढोबळ: एक ठोकळा चार ठिपके रुंद, अख्ख्या पडद्यावर फक्त ४०. ती आडवी सरकवली तर धक्के खात जाते, एसटी खड्ड्यांतून जावी तशी. उभ्या दिशेला मात्र एकेका ओळीवर ताबा आहे. म्हणजे याच यंत्रावर उभं सरकणारं जग रेशमासारखं सरकू शकतं. नदी उभी वाहते ती यामुळे. आणि ती दोन्ही बाजूंना सारखी का? कारण २० बिटांतून ४० ठोकळे काढायचे तर चिप उजवी बाजू डावीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी काढून देते, फुकटात. कागद घडी घालून शाईचा डाग पाडावा तशी ती नदी आहे. बेट आलं तर मधोमधच येतं. दोन्ही काठ वेगळे करायचे तर प्रत्येक ओळीत मध्येच रजिस्टरं बदलावी लागतात, आणि त्या ७६ आवर्तनांतली बरीचशी तिथे खर्ची पडतात. शॉ यांनी ती वाचवली आणि शत्रूंवर खर्च केली.

शत्रूंचं गणितही असंच. दोन प्लेअरपैकी एक आपल्या विमानाला गेला. उरला एक. पडद्यावर मात्र एका वेळी बोट, हेलिकॉप्टर, टाकी असे अनेक दिसतात. पडदा आडव्या पट्ट्यांत वाटलाय. किरण एका पट्टीतून बाहेर पडला की तोच प्लेअर नवा आकार आणि नवी जागा घेऊन पुढच्या पट्टीत हजर. नाटकात एकाच नटानं आधी शिपाई आणि मग प्रधान व्हावं, विंगेत जाऊन पगडी बदलून. म्हणून एका उंचीवर तुम्हाला दोन शत्रू शेजारी शेजारी दिसत नाहीत. खेळताना हे कधी खटकलं? मला नाही. नदी अरुंद असल्यामुळे दोन हवेत असं वाटतच नाही. चांगल्या कामात उणीव झाकलेली नसते, तिला शोभेल असा विषय निवडलेला असतो.

आणि इंधन. हे तांत्रिक नाही, पण सोडवत नाही. बोट पाडली तर ३० गुण, हेलिकॉप्टरला ६०, जेटला १००, पुलाला ५००. इंधनाच्या टाकीवरून उडालात तर इंधन भरतं, आणि टाकी उडवलीत तर ८० गुण. एकच वस्तू, तीच अन्न आणि तीच शिकार. शिवाय टाकीवरून हळू गेलात तर जास्त भरतं, पण इंधन जळणं थांबत नाही. जॉयस्टिक आणि एकच बटण. एवढ्यात दर पाच-सहा सेकंदांनी एक खरा निर्णय तुमच्यापुढे येतो. पुढच्या काळातल्या कित्येक पटींनी मोठ्या गेमांमध्ये मला हे इतकं नेटकं क्वचितच दिसलं.

हे सगळं एका व्यक्तीचं काम. कल्पना, आकृत्या, आवाज, कोड, चाचणी. तेव्हा पद्धतच तशी होती.

मग नावाचा मुद्दा येतो. अटारीत गेमवर प्रोग्रॅमरचं नाव नसे. वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर'मध्ये एका गुप्त खोलीत आपलं नाव दडवलं, ते याच धोरणाला कंटाळून. शॉ यांनी अटारीतल्या दिवसांची एक आठवण पुढे सांगितली आहे. कंपनीचे प्रमुख रे कसार प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, चला, आता आपल्याकडे बाई आहे, ती सौंदर्यप्रसाधनांचे रंग जुळवण्याचे आणि घर सजवण्याचे गेम करेल. शॉ यांना त्या दोन्ही विषयांत काडीचा रस नव्हता. बरोबरच्या प्रोग्रॅमरांकडून मात्र असा अनुभव आला नाही, असंही त्यांनी सांगितलं आहे. सेमिनारमध्ये पहिला किस्सा सांगाल तर दुसरी बाजूही सांगा.

ॲक्टिव्हिजननं उलट केलं. गायकाचं नाव रेकॉर्डवर छापतात तसं प्रोग्रॅमरचं नाव छापलं. रिव्हर रेडच्या माहितीपत्रकात शॉ स्वतः खेळणाऱ्याला चार युक्तीच्या गोष्टी सांगतात, नावानिशी. १५,००० गुण झाले की टीव्हीचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा, मग कापडी बिल्ला पोस्टानं घरी यायचा. माझ्या दृष्टीनं हा भाग कोडइतकाच महत्त्वाचा आहे. तो छापील कागद नसता तर आज तुम्हाला सेमिनारला हा विषयच मिळाला नसता.

एक छोटी भर. पश्चिम जर्मनीत १९८४ मध्ये हा गेम अल्पवयीनांसाठी घातक ठरवून सरकारी यादीत टाकला गेला, मुलांना निमलष्करी शिक्षण देतो म्हणून. चाळीस ठोकळ्यांची नदी आणि त्यात एक त्रिकोणी विमान! २००२ मध्ये तो यादीतून निघाला.

आता दुसरा प्रश्न. रिव्हर रेडनंतर शॉ यांनी इंटेलिव्हिजन या वेगळ्याच यंत्रासाठी 'हॅपी ट्रेल्स' लिहिला, १९८३ चा, सरकत्या चौकटी जुळवून वाट तयार करण्याचा. मग रिव्हर रेडच अटारीच्या ५२०० या नव्या गेम-यंत्रावर आणि ८ बिटी संगणकांवर नेला. तिथे जागा आणि ताकद जास्त, तेव्हा काठावर रणगाडेही आले. पण १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला. दुकानं कचरा मालानं भरली होती, कॅसेट पडेल भावानं विकल्या जात होत्या. ॲक्टिव्हिजनही आकसत चालली. १९८४ मध्ये शॉ बाहेर पडल्या आणि पुन्हा टँडममध्ये गेल्या. १९९० मध्ये, पस्तिशीच्या आसपास, त्यांनी निवृत्ती घेतली. एवढ्या लवकर ते जमलं यात रिव्हर रेडच्या यशाचा वाटा होता.

लोक याला शोकांतिका करून सांगतात. मला तसं वाटत नाही. टँडमची यंत्रं बँकांसारख्या ठिकाणी लागत, एक भाग बिघडला तरी व्यवहार चालू राहावा अशी बनवलेली. असेंब्ली जाणणाऱ्या माणसाला तिथे मानाचं काम होतं. आमच्या क्षेत्रात माणूस धंद्याचा नसतो, पातळीचा असतो. मी मीटरवर काम केलं, मग गाडीच्या पंपावर, मग वैद्यकीय उपकरणावर; बाहेरून तीन धंदे, आतून एकच काम. शॉ यांच्या बाबतीत मधली काही वर्षं गेमची होती. बाजार बदलला, गेम करायला वीस-वीस माणसांचे चमू लागू लागले, आणि एकट्यानं टेबलाशी बसून सगळं करायचे दिवस सरले. त्यांना ते दिवस हवे होते की नको, हे त्यांच्या वतीनं आपण ठरवू नये.

२०१७ मध्ये त्यांना गेम अवॉर्ड्समध्ये इंडस्ट्री आयकॉन पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास त्यांनी आपल्याजवळचे गेम, छापील कोड आणि कागदपत्रं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्रॉंग संग्रहालयाला देऊन टाकली.

सेमिनारबद्दल एक सूचना. स्लाइडवर त्यांचा फोटो ठेवा, पण पाच मिनिटं प्रात्यक्षिकाला ठेवा. ॲक्टिव्हिजनच्या जुन्या गेमांचे अधिकृत संच निघालेले आहेत, एखादा मिळवा. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून दोन्हींवर गेम सुरू करा. वर्गातल्या दोघांना खेळायला बसवा, एक गेम येणारा आणि एक न येणारा. दोघं वेगवेगळ्या वेगानं जातील, वेगवेगळ्या ठिकाणी मरतील. नदी मात्र दोघांपुढे तीच येईल, तेच वळण, तीच टाकी, तोच पूल. मग वर्गाला विचारा, ही कुठे ठेवली असेल? कुणीतरी "कॅसेटमध्ये" म्हणेल. तेव्हा फळ्यावर ४,०९६ भागिले ५७६ लिहा.